भूकंपानंतर जपानमध्ये लेकराबाळांसकट राहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टोकियोत निशी-कासाईला राहते, म्हणजे एदोगावा वॉर्ड, जिथे स्टेशनबाहेर उभं राहिलं तर पाच मिनिटांत कुणीतरी मराठी बोलताना ऐकू येतंच. ११ मार्च २०११ चा भूकंप झाला तेव्हा आमचं कुटुंब पाच जणांचं होतं: मी, नवरा, पाच वर्षांचा मुलगा, दहा महिन्यांची मुलगी आणि कराडहून आलेल्या सासूबाई, ज्यांना जपानी एकच शब्द येत होता, आरिगातो, म्हणजे धन्यवाद, आणि तो त्या लिफ्टलाही म्हणायच्या. १ जानेवारी २०२४ ला नोतोचा भूकंप झाला, मग त्याच वर्षी ८ ऑगस्टला नानकाई ट्रफची, म्हणजे दक्षिण किनाऱ्याजवळच्या समुद्राखालच्या खोल घळीची, मोठ्या भूकंपाची सूचना पहिल्यांदाच निघाली, तेव्हापासून नवीन आलेल्या फॅमिलीज मला तेच ते प्रश्न विचारतात. चहा गार होतो सांगता सांगता. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मी कुणी एक्स्पर्ट नाही, तेव्हा काय केलं आणि काय चुकलं एवढंच सांगतेय.

प्र: टोकियोत तेव्हा तसं काही झालंच नव्हतं ना?

आधी हे क्लिअर करते. ज्यांचं खरंच गेलं ते ईशान्येकडच्या मियागी, इवाते, फुकुशिमाचे लोक. मॅग्निट्यूड ९.०, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं, आणि मारलं ते मुख्यतः त्सुनामीने, जवळजवळ १५,९०० माणसं गेली आणि अडीच हजार अजूनही बेपत्ता धरली जातात. आम्ही भूकंपाच्या केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे मी जे सांगतेय ते सुखरूप राहिलेल्या घरातलं आहे, ते डोक्यात ठेवूनच वाचा.

पण काहीच झालं नाही असंही नाही. इथे मॅग्निट्यूडपेक्षा शिंदो बघतात, म्हणजे तुम्ही उभे आहात तिथे किती हललं. शून्य ते सात अशी मोजपट्टी, त्यात पाच आणि सहाचे खालचा-वरचा असे दोन भाग. टोकियोत बऱ्याच ठिकाणी वरचा पाच होता. आमचा नववा मजला. सुरुवातीला वाटलं नेहमीचाच आहे, थांबेल, मग थांबेचना, मग कपाटाची दारं उघडून भांडी खाली यायला लागली आणि बिल्डिंग बोटीसारखी डुलत राहिली कितीतरी मिनिटं.

सासूबाई दाराकडे धावल्या. त्यांचं बरोबरच होतं हो, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या आणि आमच्याकडच्या दगडमातीच्या घरात शहाणपण एकच, बाहेर पळा. इथे उलटं आहे. बाहेर काचा आणि कौलं पडतात, बिल्डिंग सहसा पडत नाही, म्हणून टेबलाखाली जायचं. मी त्यांचा हात धरून अक्षरशः ओढलं, त्या नातीला पोटाशी धरून टेबलाखाली रामरक्षा म्हणत बसल्या आणि नंतर दोन दिवस मला ऐकवलं की सुनेने सासूला फरफटत नेलं.

प्र: पहिल्या रात्री सगळ्यात जास्त काय अडलं?

गॅस. आणि त्याची पाइपलाइन फुटलीच नव्हती! इथल्या गॅस मीटरमध्ये अशी सोय असते की साधारण शिंदो पाचला तो आपोआप बंद होतो. आम्हाला वाटलं पाइपलाइन फुटली, मग रात्रभर बाळाचं दूध गरम करायला शेजारच्या आजींच्या इलेक्ट्रिक किटलीवर अवलंबून, आणि दुसऱ्या दिवशी त्याच आजींनी दारामागचं पॅनल उघडून दाखवलं की हे बटण दाबायचं, लाल दिवा लुकलुकतो, तीन मिनिटं थांबायचं, झालं. आधी घरातली सगळी गॅसची उपकरणं बंद करा आणि वास येत नाही ना ते बघा, वास असेल तर हात लावू नका. तुमच्या घरचा मीटर कुठे आहे ते आज बघून ठेवा, आजच, मी थांबते.

दुसरं लिफ्ट. भूकंपात ती आपोआप थांबते आणि मेकॅनिक येऊन तपासेपर्यंत चालू होत नाही, आणि त्या दिवशी सगळ्या टोकियोला मेकॅनिक हवा होता. सासूबाईंचे गुडघे आणि नऊ मजले. त्या दीड दिवस खाली उतरल्याच नाहीत.

तिसरं फोन. कॉल लागतच नव्हते, इंटरनेट मात्र चालत होतं, फेसबुकवर नवऱ्याचा मेसेज आला, "चालत निघालोय". ऑफिसातून, ओतेमाचीहून. ट्रेन सगळ्या बंद, जेआर रेल्वेने तर त्या दिवशीपुरतं गुंडाळलंच होतं. तो एइताई-दोरी हा रस्ता धरून हजारो लोकांच्या लोंढ्यातून साडेतीन तास चालला, कासाईबाशी पुलावर वारा एवढा गार की कान दुखले म्हणाला, पण त्याला आठवतं ते वेगळंच: कुणी ढकललं नाही, कुणी हॉर्न वाजवला नाही, एका बुटांच्या दुकानासमोर उंच टाचेवाल्या बायका शांतपणे रांग लावून स्पोर्ट शूज घेत होत्या. तेव्हापासून ऑफिसात त्याचे जुने बूट ठेवलेत. सार्वजनिक फोन मात्र लागत होते आणि नंतर ते फुकटही केले, म्हणून दहा येनची नाणी पाकिटात असू द्या. १७१ नंबरवर आवाजात निरोप ठेवता येतो तो महिन्यातून ठराविक दिवशी प्रॅक्टिससाठी उघडा असतो, एकदा घरच्यांनी मिळून करून बघा.

प्र: मुलं शाळेत असताना झालं तर?

शाळा मुलाला एकटं सोडत नाही. तुम्ही फॉर्मवर ज्यांची नावं लिहिलीत त्यांच्याच हातात देतात. आम्ही आमच्या दोघांचीच नावं लिहिली होती, मी बाळाला घेऊन नववरून उतरून पोचले म्हणून ठीक, पण एका मैत्रिणीचा मुलगा रात्री दहापर्यंत टीचरबरोबर बसून होता कारण आई-बाबा दोघंही शहरात अडकलेले. टीचरही स्वतःच्या घरी गेल्या नाहीत. तेव्हा तिसरं नाव हवं, चालत येऊ शकेल अशा कुणाचं तरी, आणि हे नाव भारतीयच हवं असा हट्ट नको.

प्र: भारतातून सारखे फोन येतात, परत या म्हणतात. काय सांगायचं?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि माझ्या मते भूकंपापेक्षा हेच जड जातं. भूकंप काही मिनिटांचा, त्यानंतरचे तीन आठवडे फोनचे.

भूकंप झाला तेव्हा भारतात सकाळचे ११ वाजून १६ मिनिटं झाली होती आणि दुपारच्या जेवणापर्यंत सोलापूरला माझ्या आईने टीव्हीवर त्सुनामी पाहिली. तिला जपान म्हणजे एकच गाव. १२ तारखेला फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये स्फोट झाला, १४ ला तिसऱ्यात, आणि १७ ला हेलिकॉप्टरमधून पाणी टाकतानाचं दृश्य, ते पाणी वाऱ्याने भलतीकडेच उडतंय, हे आपल्या चॅनलवर दिवसभर फिरवून फिरवून दाखवलं. त्यात तो मेसेज, बीबीसीच्या नावाने, की पाऊस पडला तर अंगावर घेऊ नका, गळ्याला बीटाडीन लावा. तो खोटा होता. आईने तो मला चार वेळा वाचून दाखवला.

आईची बाजूही सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी झाली तेव्हा ती सोलापुरात होती, विसर्जनाच्या रात्रीनंतरची झोप होती, आणि उमरग्याकडची तिची माणसं त्यात गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ते सगळे अंगणात झोपले. तिचं म्हणणं, घर धोका देतं तेव्हा घर सोडायचं, विचार नंतर करायचा. आणि सासूबाई कोयनेच्या. तिथे जमीन अजूनही अधूनमधून हलते आणि लोक अजूनही तिथेच राहतात, शेती करतात. त्यांचं म्हणणं, हललं तर हललं, सावरायचं आणि कामाला लागायचं. एक फोनवर, एक माझ्या स्वयंपाकघरात, आणि मी मध्ये. दोघी एकमेकींशी बोलल्या तेव्हा फक्त हवेबद्दल बोलल्या.

आम्ही शेवटी असं केलं: दिवसातून एकच फोन, भारतात रात्री नऊला, आणि माझा भाऊ एकटा बोलणार, तो बाकी सगळ्यांना सांगणार. फोनवर रोज तीनच गोष्टी, आज काय खाल्लं, मुलं काय करतायत, उद्याचा प्लॅन काय. "काळजी करू नकोस" हे वाक्य बंद केलं कारण त्याने काळजी वाढते. बाळाचा रडण्याचा आवाज ऐकवला की आई शांत व्हायची, हे का ते विचारू नका.

प्र: मग जावं की थांबावं?

मला याचं उत्तर सरळ हो-नाहीत द्यायचं नाही कारण ज्यांनी दिलं ते दोन्हीकडचे नंतर तोंडघशी पडले. कुणी १३ तारखेलाच गेलं, कुणी एक दिवसही हललं नाही, दोघंही आज धडधाकट आहेत. अमेरिकेने आपल्या लोकांना प्लँटपासून ऐंशी किलोमीटर लांब राहायला सांगितलं, जपान सरकारने वीस किलोमीटरचा भाग रिकामा केला, फ्रान्सने आपल्या नागरिकांना टोकियो सोडायला सुचवलं. आम्ही सुमारे दोनशे तीस किलोमीटरवर. कुणाचं ऐकायचं? १५ मार्चला टोकियोतल्या शिंजुकुच्या किरणोत्सर्ग मोजायच्या मीटरवर तासाला ०.८ मायक्रोसिव्हर्टपर्यंत आकडा गेला आणि खाली आला, तो आकडा मी तासातासाला बघायचे आणि त्याचा अर्थ मला कळत नव्हता. कळत नसलेला आकडा तासातासाला बघणं याने झोप जाते, बाकी काही होत नाही.

नवऱ्याच्या ऑफिसकडून, नाव सांगत नाही, ईमेल आला की जाणाऱ्यांनी बिनपगारी रजा टाकावी आणि परत आल्यावर जागेची खात्री नाही. एका एजंटने मुंबईच्या तिकिटाचा भाव नेहमीच्या तिप्पट सांगितला, वर म्हणाला अर्ध्या तासात सांगा. रात्री एक वाजता आम्ही दोघं भांडलो, आवाज न करता, कारण बाजूच्या खोलीत सासूबाई जाग्या होत्या.

मग सासूबाईच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रोज रोज काय ठरवताय, एकदाच ठरवा ना काय झालं म्हणजे जायचं." तेवढंच. मी कागद घेतला आणि फ्रिजवर लावला: एक, सरकारने आपल्या वॉर्डाला काही सांगितलं तर, दोन, बाळाच्या खाण्यापिण्यावर आलं तर, तीन, नवरा घरी येऊ शकत नाही अशी वेळ आली तर. यातलं एक जरी झालं तर दुसऱ्या दिवशी निघायचं, भारतात नाही, ओसाकाला मित्राकडे. झालं नाही तर विषय काढायचा नाही. तो कागद लागल्यावर घरात पहिल्यांदा कुणी टीव्ही बंद केला.

२३ मार्चला दुसरी ओळ खरी झाली, ते पुढे सांगते. २४ ला आम्ही शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये होतो, मी, मुलं आणि सासूबाई, डबा सगळा लहान मुलांच्या आयांनी भरलेला, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नवरा मागे राहिला. दहा दिवस ओसाकाला होतो.

सासूबाईंना आधी मुंबईला पाठवून देऊ म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. "लेकरांना इथे ठेवून मी कराडला काय डोंगर बघत बसू का?"

प्र: निघताना व्हिसाचा घोळ होतो का?

तेव्हा व्हायचा. री-एंट्री परमिट न घेता देश सोडला तर व्हिसा संपला, म्हणून शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिससमोर माणसांची रांग बिल्डिंगला वळसा घालून गेली होती. जुलै २०१२ पासून झाइर्यू कार्ड, म्हणजे रहिवासी कार्ड, आलं आणि एका वर्षाच्या आत परतणार असाल तर वेगळं परमिट लागत नाही, एअरपोर्टवर फॉर्मवर परत येणार अशी खूण तेवढी करायची. ती खूण विसरू नका. बाळ नुकतं जन्मलंय आणि पासपोर्ट झाला नाही असं कुणाचं असेल तर तो अर्ज आधी टाका, बाकी सगळं नंतर.

प्र: पाणी आणि दुधाचं काय केलं?

२३ मार्चला दुपारी बातमी आली की कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ किलोला २१० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं माप) सापडलंय, मोठ्यांची मर्यादा ३००, एक वर्षाच्या आतल्या बाळांची १००. कानामाचीचं पाणी आमच्याच नळाला येतं. माझी मुलगी दहा महिन्यांची, फॉर्म्युला पिणारी. तासाभरात सुपरमार्केटमधल्या बाटल्या संपल्या, आणि मी पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं होतं ते बघून नवरा ओरडला. उकळून आयोडीन जात नाही, पाणी आटतं आणि उलट ते दाट होतं. हे आपल्याकडच्या प्रत्येक आईला सांगावं लागतं कारण आपण पाणी म्हटलं की उकळतो. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे यात वेळच औषध.

वॉर्डाने दर बाळामागे ५५० मिलीच्या तीन बाटल्या दिल्या. टोकियोने तशा २,४०,००० बाटल्या वाटल्या. आमच्या वाटणीच्या बाटल्या आणायला गेले तेव्हा टेबलामागच्या माणसाने वाकून माफी मागितली, जणू त्यानेच काहीतरी मिसळलं होतं. आणि गंमत ही की २४ ला आमची गाडी नागोयाच्या पुढे गेली असेल नसेल, बातमी आली, आकडा ७९, बंदी उठली. एका दिवसात! मी हसले की रडले आठवत नाही. पण परत फिरलो नाही, कागदावर लिहिलेलं ते लिहिलेलं.

आणि कुणी सांगितलं म्हणून गुळण्यांचं आयोडीनचं औषध पिऊ नका, तेव्हा सरकारी संस्थेला तशी सूचना काढावी लागली होती. आयोडीनच्या गोळ्यासुद्धा सांगितल्याशिवाय घ्यायच्या नसतात. दूध-भाजीचं म्हणाल तर फुकुशिमाचं दूध आणि इबाराकीचा पालक १९ मार्चला मर्यादेबाहेर निघाले, विक्री थांबवली गेली, आणि एप्रिल २०१२ पासून मर्यादा बऱ्याच कडक झाल्या, साध्या अन्नाला १०० बेकरेल, दुधाला ५०. मी वर्षभर पिशवीवर गावाचं नाव वाचून भाजी घेतली. आता घेत नाही, फुकुशिमाचे पीच तर मागवून खाते.

प्र: वीज?

आमच्याकडे गेली नाही. पाळीपाळीने वीज बंद ठेवायचं १४ मार्चपासून सुरू झालं पण टोकियोच्या २३ वॉर्डांपैकी आराकावा आणि अदाचीचा थोडा भागच त्यात होता. पश्चिम जपानकडे वीज भरपूर होती पण तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०, त्यामुळे फारशी आणता येत नव्हती. लोडशेडिंग बघून वाढलेल्या आपल्या लोकांना वीज जाण्याचं काही वाटलं नाही, सासूबाईंना तर वेळापत्रक छापून वीज घालवतात याचंच कौतुक.

प्र: परत आल्यावर जपानी शेजारी बोलले का काही? पळून गेलात म्हणून?

तेव्हा एक शब्द फिरत होता, फ्लायजिन, परदेशी माणसाला गायजिन म्हणतात त्यावरून, म्हणजे उडून गेलेले. काहींच्या ऑफिसमध्ये त्यावरून बराच काळ थंडपणा राहिला. रागाचं कारण जाणं नव्हतं, न सांगता जाणं होतं. शुक्रवारी डेस्कवर जॅकेट तसंच ठेवून गेलेला माणूस सोमवारी मुंबईहून ईमेल करतो, त्याचं काम शेजारच्याने करायचं.

मी निघताना शेजारच्या आजींना सांगितलं होतं, मोडक्या जपानीत, बाळासाठी जातोय, नवरा इथेच आहे. ओसाकाला २ एप्रिलला आपण वर्ल्डकप जिंकलो, मॅच संपली तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते, मित्राच्या घरात आम्ही तोंडावर उशा दाबून ओरडलो. ३ तारखेला परत. आजींसाठी ओसाकाचा खाऊ आणला होता, त्यांनी दार उघडलं, खाऊ घेतला आणि म्हणाल्या, "ओकाएरी." घरी परतलेल्या माणसाला म्हणतात तो शब्द. मला त्या म्हणतील असं वाटलं नव्हतं.

४ एप्रिलला पाडवा. सासूबाईंनी बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या काठीला साडी बांधून गुढी उभारली, तांब्या घट्ट सुतळीने बांधला कारण हादरे चालूच होते. ७ तारखेला रात्री साडेअकराला ७ च्या वरचा आलाच. गुढी पाडव्याच्याच संध्याकाळी उतरवली होती, म्हणून तांब्या वाचला.

प्र: मुलं घाबरतात, फोनचा अलार्म वाजला की रडतात. काय करू?

माझा मुलगा सहा महिने एकटा संडासात जात नव्हता. काही समजावून उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो काम दिल्याचा: अलार्म वाजला की दार उघडून त्यात बूट अडकवायचा, ही त्याची ड्यूटी, कारण चौकट वाकली तर दार अडकतं. मग तो रडायच्या आधी धावायचा. शाळेत डोक्यावर घ्यायची जाड टोपी असते, बोसाई झुकिन, खुर्चीवर उशीसारखी टाकलेली, ती घरीही एक ठेवली. टीव्हीवर त्सुनामीची दृश्यं मात्र मुलांसमोर लावू नका, लहान मुलांना तो रोज नवीन त्सुनामी वाटतो. माझा विचारायचा, आज परत आलं का पाणी?

प्र: आम्ही शाकाहारी आहोत. इमर्जन्सीचं खाणं काय ठेवायचं?

इथल्या तयार पाकिटांत जवळपास सगळ्यात माशाचा अर्क असतो, तेव्हा शेल्टरमध्ये मिळेल ते खाऊ यावर विसंबू नका. नुसता सुका भात मिळतो, त्यात गरम पाणी घातलं तर पंधरा मिनिटांत आणि गार घातलं तर तासाभरात भात होतो. त्यावर मेतकूट आणि मीठ. बास, देव भेटला. भाजके पोहे, सातूचं पीठ, गूळ, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू. आपलं सगळं प्रवासाचं खाणं हे इमर्जन्सीचंच खाणं आहे खरं तर, आपण त्याला ते नाव दिलं नाही एवढंच. जोडीला छोट्या डब्यावर (कॅसेटवर) चालणारा गॅस आणि त्याचे चार-सहा डबे. पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, कमीत कमी तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं. आणि संडासाच्या पिशव्या! माणशी दिवसाला पाच धरा. याबद्दल कुणी बोलत नाही, पण उरायासुमध्ये, आमच्यापासून दोन स्टेशनं पुढे, भरावाच्या जमिनीतून वाळू आणि पाणी वर आलं, ड्रेनेज तुटलं, आणि मैत्रिणीच्या घरी नळाला पाणी आल्यावरसुद्धा फ्लश करायचं नाही अशी नोटीस होती कितीतरी दिवस.

प्र: घराचं नुकसान झालं तर परदेशी माणसाला पैसे मिळतात का?

भाड्याच्या घरातल्या सामानाचाही भूकंपविमा असतो, पण तो आगीच्या विम्याला जोडूनच घ्यावा लागतो आणि त्या रकमेच्या तीस ते पन्नास टक्केच मिळतो. नुसत्या आगीच्या विम्यात भूकंपाने लागलेली आग बसत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पडझड झाली तर साफ करायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि सिटी ऑफिसमधून रिसाई शोमेइशो, म्हणजे नुकसानीचा दाखला, मागा. तो परदेशी रहिवाशांनाही मिळतो.

प्र: मदतीला जावंसं वाटतं, जाऊ का?

लगेच नको. पहिल्या दिवसांत रस्ता, पेट्रोल आणि अन्न हे तिथल्यांचं असतं. नंतर टोकियोतले भारतीय हॉटेलवाले मोठी पातेली घेऊन तिकडे उत्तरेला गेले आणि शेल्टरमध्ये करी-भात वाटला, ते लोकांना फार आवडलं कारण सलग कितीतरी दिवस गार ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाऊन कंटाळले होते. भारत सरकारने एनडीआरएफचे ४६ जवान पाठवले होते, मियागीतल्या ओनागावाला, ही त्यांची परदेशातली पहिलीच कामगिरी. बर्फात, भाषा येत नसताना. आपल्याकडे हे फार कुणाला आठवत नाही, ओनागावाकडच्या लोकांना आठवतं.

प्र: एदोगावात घर विकत घेऊ का? भारतीय शाळा, दुकानं सगळं इथेच आहे.

आम्ही घेतलं, पण डोळे उघडे ठेवून. वॉर्डाचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, आणि २०१९ ला वॉर्डाने स्वतःच जो पुराचा नकाशा काढला त्यावर चक्क लिहिलं होतं, इथे थांबून चालणार नाही. म्हणजे मोठं वादळ येणार कळलं की वॉर्ड सोडून जा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आलं आणि हजारो लोक शेल्टरमध्ये गेले. भूकंपाला थांबायचं आणि पुराला निघायचं, एकाच घराचे दोन नियम. जमीन भरावाची आहे का बघा, वरचा मजला घ्या, आणि वरचा मजला म्हणजे लिफ्ट बंद हेही लक्षात ठेवा.

प्र: आई-बाबा पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी येतायत. त्यांना काय सांगून ठेवू?

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेटलॅगमध्येच, शेल्टर म्हणून ठरलेल्या शाळेपर्यंत त्यांच्याबरोबर चालत जा. नकाशा दाखवू नका, चालवा. गळ्यात एक कार्ड द्या, तुमचा पत्ता जपानीत, तुमचा नंबर, त्यांची औषधं आणि रक्तगट. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त आणायला सांगा, इथे भारतातली चिठ्ठी चालत नाही. चष्मा आणि चप्पल उशाशी, कारण रात्री काच फुटली तर अंधारात अनवाणी पायच आधी कापतो. प्रवासाचा विमा काढा आणि त्यात नैसर्गिक आपत्ती आहे का ते वाचा. आणि फोनमध्ये सेफ्टी टिप्स नावाचं अ‍ॅप टाकून द्या, इंग्रजीत सूचना येतात.

बाहेर पळायचं नाही हे मात्र आधीच प्रॅक्टिस करून घ्या. नाहीतर माझ्यासारखं ओढावं लागेल आणि मग ते प्रत्येक लग्नात सगळ्यांना सांगितलं जाईल.

प्र: शेंगदाण्याची चटणी किती दिवस टिकते?

लसूण न घालता, दाणे कोरडे खमंग भाजून, पूर्ण गार झाल्यावर कुटलेली, घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर तरी. जूनच्या पावसाळ्यात इथली हवा दमट असते तेव्हा फ्रिजमध्ये. दर १ सप्टेंबरला इथे बोसाई डे असतो, त्या दिवशी आम्ही पिशवी उपसून जुनं खातो आणि नवीन भरतो, पण खरं सांगायचं तर चटणी तोवर कधीच उरलेली नसते, नवरा रात्री गुपचूप खातो.